जानोशातला ठोका

बँडवर लोक नाचतात. बँड ऐकत कोणी नाही. बेचाळीस वर्षं मी हा धंदा केला आणि ही तक्रार सांभाळत आलो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा, तक्रारी नकोत. मी म्हटलं, तक्रारीशिवाय लिहिणारा पाहिजे असेल तर दुसरा माणूस पाहा, मी तीन तक्रारी लिहिणार. घासाघीस होऊन ते एका तक्रारीवर तयार झाले. मला एकच लिहायची होती. भाव असाच करायचा असतो.

पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा, मधली सगळी खेडी आणि खाली काटोलपर्यंत आमच्या बँडचा मुलूख. मी मूळचा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणारा. खांदे रुंद दिसले म्हणून बँडवाल्यांनी मोठा ड्रम माझ्या गळ्यात अडकवला. दहा वर्षांनी तोच बँड मी विकत घेतला, पण ड्रम गळ्यातून काढला नाही. मालक स्वतः ढोल बडवतो म्हणून गिऱ्हाइकं हसायची. हसोत. एका माणसाचा रोज वाचत होता.

बँड ठरवायला येणारा माणूस काय बोलतो ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. त्याला आमचाच बँड पाहिजे असतो, म्हणूनच तो सावरगावचा पूल ओलांडून माझ्या ओसरीवर आलेला असतो. पण बसल्याबसल्या तो म्हणतो की बँड ठेवायचा विचारच नव्हता, पोराच्या मामाने हट्ट धरला. मीही कमी नाही. त्या तारखेला मी रिकामा असलो तरी वही उघडून कपाळाला आठ्या घालतो आणि म्हणतो, "कठीण आहे जी." दोघंही खोटं बोलतो आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. जे मनापासून पाहिजे त्याला नावं ठेवायची, हा या खेळाचा पहिला नियम. बँडची क्लॅरिनेट मी अशीच घेतली. कामठीच्या एका म्हाताऱ्याकडे ती पाहिली तेव्हा तोंडाला पाणी सुटलं होतं, पण अर्धा तास मी तिला भंगार, भंगार म्हणत होतो. शेवटी म्हातारा वैतागून म्हणाला, "एवढी भंगार आहे तर घेऊन काहून राहिला?" त्याला मी आजही मानतो.

एकदा पांढुर्ण्याजवळच्या एका गृहस्थाने बोअरला पाणी लागलं म्हणून बँड बोलावला. आम्ही लाल कोट घालून वावरात पोचलो तोवर पाणी गेलं होतं. तो म्हणाला, पाणी नाही तर बँड कशाचा? मी म्हटलं, "पाणी गेलं, पण आम्ही तर आलो ना." मग कोरड्या बोअरभोवती उभे राहून आम्ही वाजवलं. दोन शेळ्या आणि एक सोयरा एवढेच ऐकायला होते, आणि सोयरा झोपला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडे नवरदेवाकडची मंडळी गावात येऊन जिथे उतरतात त्या जागेला जानोसा म्हणतात. कधी शाळा, कधी समाजभवन. वऱ्हाड दुपारी उतरतं आणि वरात निघते दिवस कलताना. मधल्या दोन-तीन तासांत दाढ्या होतात, इस्त्री शोधली जाते, एखादा जावई रुसतो. त्या वेळात बँडने काहीतरी धीमं वाजवत राहायचं, म्हणजे नवरीकडच्यांना कळतं की वऱ्हाड आलं. कोणाला नाचायचं नसतं, कोणाची फर्माईश नसते. वाजवणाऱ्याला मोकळं रान. आम्ही त्या वेळात 'आमल्याची' वाजवायचो.

ही धून आमच्या क्लॅरिनेटच्या सुखदेव मास्तरांनी आणली. तरुणपणी ते आमल्याला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये कामाला होते. तिथे एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहत. साहेब संध्याकाळी बंगल्याच्या पायरीवर बसून क्लॅरिनेट वाजवायचे आणि मास्तर कुंपणाबाहेर उभे राहायचे. एक दिवस साहेबांनी आत बोलावलं. त्यांनी सांगितलं की ही अमेरिकेतल्या जॅझ नावाच्या संगीतातली जुनी चाल आहे. तिथे ती सगळ्यांना पाठ असते, तरी प्रत्येक गाणारा ती आपल्या गळ्याने नवी करून म्हणतो आणि ऐकणारे त्याने नवं काय केलं तेच ऐकायला बसतात. मास्तरांना यातलं सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर 'ऐकायला बसतात' हे.

धून चार तुकड्यांची. पहिला तुकडा, पुन्हा तोच, मग तिसरा वेगळा, आणि मग परत पहिला. तिसरा तुकडा म्हणजे घरून निघालेला माणूस वेशीपर्यंत जातो तसा. शेवटी सूर वर जाऊन थांबतो. तिथे दोन मात्रांची जागा रिकामी आहे. मग धून घरी परत येते.

त्या रिकाम्या जागेत मी चुकलो. सौंसरच्या एका लग्नात आम्ही ती पहिल्यांदाच वाजवत होतो. तिसरा तुकडा थांबला आणि मला वाटलं, धून संपली. संपली की मोठ्या ड्रमने शेवटचा ठोका द्यायचा, ही आमची सवय. मी दिला. ढम्म. समोर न्हावी नवरदेवाची दाढी करत होता. त्याचा हात उडाला आणि नवरदेवाच्या कानाखाली रक्ताची रेघ उमटली. नवरदेव ओरडला, मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून न काढता डोळे वटारले आणि ते चौथा तुकडा वाजवत सुटले. मी मान खाली घातली. धून फिरून परत त्याच जागी आली तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला कळेना. नंतर ते हळूच म्हणाले, "आता दरवेळी मार. एकदाच मारला तर लोक म्हणतील दौलत चुकला. दरवेळी मारला तर म्हणतील, हे असंच आहे."

तेव्हापासून तो ठोका तिथेच राहिला. शेकडो जानोशांत मी तो मारला. कोणी कधी वळून पाहिलं नाही. मास्तर म्हणायचे, ऐकते कोणी ना कोणी. मी म्हणायचो, दाखवा. मला आयुष्यात एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ती धून आमच्याशिवाय कोणी ऐकली होती का. ही झाली ती एक तक्रार.

ती तक्रार कडू केली लोधीखेड्याच्या नानाजींनी. नानाजी म्हणजे संत्र्याचे मोठे बागवान. मुलाच्या लग्नाचा बँड ठरवायला त्यांनी मला बागेत बोलावलं, सोललेलं संत्रं हातात दिलं आणि तासभर माझं रक्त आटवलं. असा भाव करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्यापेक्षा सरस, हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. मी अडून बसल्यावर ते म्हणाले, "दौलत, जानोशातलं काढून टाक. तिथं कोण ऐकते? लोक दाढ्या करून राहते. वरातीपासून धर आणि कमी कर."

मी कमी केलं. डोकं मात्र असं फिरलं होतं की लग्नाच्या दिवशी मी जानोशात बँड बंद ठेवला. बावीस माणसं वाद्यं मांडीवर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात अडीच तास गप्प बसली. मास्तर दोनदा माझ्याजवळ आले. मी म्हटलं, ठरलं नाही ते वाजणार नाही. ते म्हणाले, "भावातलं बोलणं तू मांडवात घेऊन आला, दौलत." मी ऐकलं नाही. मास्तर शाळेच्या मागे बोरीखाली जाऊन उभे राहिले आणि तीच धून शीळ घालून वाजवत राहिले. त्याच पावसाळ्यात त्यांचा दमा वाढला आणि पुढच्या सीझनला ते आलेच नाहीत. जानोशात बसायची त्यांची ती शेवटची वेळ होती आणि मी ती गप्प बसून घालवली. याचा राग मी वीस वर्षं नानाजींवर काढत आलो. तो कोणावर काढायला पाहिजे होता ते मला कळत होतं, पण नानाजींवर काढणं सोपं होतं.

मग डीजे आला. बावीसचे आम्ही तिघं उरलो. ट्रम्पेटवाला रहीम, साईड ड्रमवाला किसना, आणि मी. किसना आता पांढुर्ण्याच्या एका शाळेत शिपाई आहे, रहीमचं सायकल दुकान आहे. मी ओसरीवर बसून डीजेला शिव्या देतो. तेही कामच आहे.

मागच्या वर्षी संत्र्याला आंबिया बहाराची फुलं होती त्या दिवसांत मास्तरांची नात माझ्या ओसरीवर आली. आम्रपाली. नागपूरच्या शाळेत संगीत शिकवते. सौंसरच्या वाचनालयाच्या कार्यक्रमात तिला गायचं होतं. ती म्हणाली, "आबाजी, आमचे आबाजी शीळ वाजवायचे ते गाणं मले सापडलं. ते मी म्हणणार आहे. मागे तुम्ही तिघं पायजे."

तिने मोबाईलवर कोण्या अमेरिकन बाईच्या आवाजात 'आमल्याची' लावली. आमच्या धुनेला बोल आहेत हे मला या वयात कळलं. कोणाची तरी वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. आम्ही ते नवरदेवाच्या दाढीला वाजवत होतो. तिसरा तुकडा आला, सूर वर गेला, थांबला, आणि माझा हात आपोआप मांडीवर पडला. ढम्म.

आम्रपाली म्हणाली, "तिथं काही नाही, आबाजी."

मी म्हटलं, तिथं ठोका आहे. ती म्हणाली, इंग्रजीत नाही. मी म्हटलं, पांढुर्ण्यात आहे. ती म्हणाली, "आमचे आबाजी पण तिथं थांबून राहायचे. गुपचूप." मी चिडलोच. म्हटलं, "थांबायचे, कारण ढोल माह्याजवळ होता. शीळ वाजवणारा माणूस ढोल कुठून आणीन?"

ती हसली, पण हटली नाही. तिने त्या चालीवर आपले वऱ्हाडी बोल लिहिले होते. ते वाचून दाखवले आणि म्हणाली, "इथं ती बाई दाराशी उभी आहे, कोणी आलं नाही. ती जागा रिकामीच राहू द्या. कोणी आलं नाही हे लोकायले ऐकू येऊ द्या."

मग भाव सुरू झाला. ती म्हणाली, ठोका नाही आणि लाल कोटही नाही, साधे कपडे घाला. लाल कोट नाही म्हटल्यावर माझं टाळकं सरकलं. मी आवाज चढवला, रहीमला फोन लावला, कोट नसेल तर आम्ही नाही असं सांगितलं. अर्ध्या तासाने ती नरमली. म्हणाली, "बरं, कोट घाला. पण मग ठोका नको." मी जिंकल्याच्या आनंदात हो म्हणून बसलो. ती पुलापर्यंत गेली असेल तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोटांबद्दल तिची काही हरकतच नव्हती. सोडून द्यायलाच तिने ते मागितलं होतं. मास्तर भावात अगदी भोळे होते. पोरीने हे कुठून उचललं देव जाणे.

कार्यक्रम दुपारी चारला होता. वाचनालयाचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. साठीच्या पुढचेच जास्त. आमचे कोट पोटावर बसत नव्हते, रहीमने दोन बटणं उघडी ठेवून वर उपरणं घेतलं होतं. दुसऱ्या रांगेत कोण बसलं होतं म्हणता? नानाजी. शेजारी त्यांची सून, त्याच लग्नातली नवरी. मी ड्रम थोडा फिरवून घेतला, म्हणजे त्यांचं तोंड दिसणार नाही. काठीला नवं फडकं गुंडाळून आणलं होतं, ती मांडीवर आडवी ठेवली. ठरलं होतं ना.

आम्रपालीने आधी इंग्रजीत म्हटलं. लोक सभ्यपणे बसले होते. पाहुण्याच्या घरी बेचव भाजी खाताना चेहरा ठेवतात तसे. पहिला तुकडा झाला, दुसरा झाला. पंखा फिरत होता. मी मनात म्हटलं, घ्या मास्तर, ऐकायला बसलेले लोक. तिसऱ्यात काही म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने दुसरीच्या कोपराला हात लावला. पण काही झालं नाही. तुकडा थांबला, जागा रिकामी गेली, चौथा झाला.

मग तिने वऱ्हाडी बोल धरले. आवाज तिने खाली आणला, अगदी बोलल्यासारखा. रहीमने ट्रम्पेटच्या तोंडावर उपरण्याचं टोक धरून मागून बारीक सूर दिला. पहिल्या ओळीलाच हॉलमध्ये हालचाल झाली. कोणीतरी म्हणालं, "अवं, हे तं..." आणि त्याला दुसऱ्याने गप्प केलं. तिसरा तुकडा आला.

"गाडी गेली, फाटक उघडलं,
सायकली निघाल्या साऱ्या,
माह्याच दाराशी घंटी
वाजली नाही..."

सूर वर गेला आणि थांबला. माझी काठी मांडीवर होती, शपथेवर सांगतो.

ढम्म.

बायांच्या बाजूने आला. तळहात खुर्चीच्या हातावर. सगळ्या एकसाथ नव्हत्या, आगंमागं, पण जागा तीच. आम्रपाली दचकली. ती वळून माझ्याकडे बघते तर माझे दोन्ही हात रिकामे. तिला गातागाताच हसू आलं आणि ते हसू चौथ्या तुकड्याच्या पहिल्या शब्दात शिरलं. दाद मी पुष्कळ पाहिली आहे, नाचताना उडवलेले फेटे पाहिले आहेत. पण गाणाऱ्याची चूक दुरुस्त करणारी दाद मी पहिल्यांदा पाहिली.

बोल दुसऱ्यांदा फिरून आले तेव्हा तिने त्या जागी मुद्दाम जास्त थांबून पाहिलं. या खेपेस अख्खा हॉल वाजला. खुर्च्या, गुडघे, एका म्हाताऱ्याची काठी फरशीवर. किसना माझ्या कानाशी म्हणाला, "दौलतभाऊ, आता तं मार." मी नाही मारला. गरजच नव्हती. शिवाय डोळे पुसायला एक हात लागत होता.

गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या, त्या होतच असतात. पण नंतर लोक चहा सोडून स्टेजशी आले. आम्रपालीचा आवाज काय, शब्द काय, तिला सांगत होते. एक म्हातारे म्हणाले, इंग्रजीतलं काही कळलं नाही, पण वऱ्हाडीत आल्यावर इंग्रजीतलंही कळलं. सौंसरची एक बाई मात्र माझ्याकडे आली. मी म्हटलं, बाई, जानोशात कोणी ऐकत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "जानोशात कोण ऐकते, भाऊ? ऐकत होती नवरी. हळदीच्या अंगानं दिवसभर बसून राहाचं. काम करू देत नाही, बाहेर जाऊ देत नाही. दोन गल्ल्या पलीकडून हे येऊन राहिलं. बाकीचं वाऱ्यानं हेलपाटते, ढम तेवढं नीट येते. मी मनात म्हणे, आता वरात येईन, आता येईन."

बेचाळीस वर्षं मी जानोशातल्या माणसांची तोंडं पाहत होतो. ऐकणारं माणूस दोन गल्ल्या पलीकडे होतं.

तेवढ्यात नानाजी आले. काठी टेकत, सुनेच्या खांद्याला धरून. मी तयार होतो. वीस वर्षं घोळवलेलं वाक्य जिभेवर होतं. पण आधी तेच बोलले, आणि रागात.

"दौलत, ठोका काहून नाही मारला? अर्धवट वाजवाची तुही सवय गेली नाही."

मी म्हटलं, "तुमीच म्हणलं होतं ना नानाजी, जानोशातलं कोण ऐकते."

"म्हणलं होतं. भाव करून राहिलो होतो मी. भावात कोणी खरं बोलते काय?" त्यांनी काठी आपटली. "तू एवढा पक्का माणूस, तुले समजू नये? मी अडीच तास वाट पाहिली, आता वाजवते, मंग वाजवते. तू तोंड फुगवून बसला. या पोरीच्या लग्नात नाही वाजलं ते नाहीच वाजलं."

सून म्हणाली, "जाऊ द्या बाबाजी." पण ती माझ्याकडे पाहत होती, आणि ते पाहणं मला जड गेलं. कामठीच्या म्हाताऱ्याच्या क्लॅरिनेटला मी भंगार, भंगार म्हणालो होतो, आणि हा भाव आहे हे त्याने ओळखलं होतं. मला कोणी तेच म्हटलं तेव्हा मी वीस वर्षं फुगून बसलो. मास्तरांनी बोरीखाली जायच्या आधी मला हेच सांगितलं होतं.

मी काठी उचलली आणि रहीमला, किसनाला बोलावलं. आम्रपालीला म्हटलं, कोटाचा भाव मोडला, आता कोट काढतो आणि ठोका मारतो. ती म्हणाली, "मारा आबाजी." वाचनालयाच्या पायऱ्यांवर, चहाचे कप हातात धरलेल्या लोकांमध्ये, बनियनवर उभे राहून आम्ही 'आमल्याची' पुन्हा वाजवली. ती सुनेसमोर उभी राहून गायली. तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी मी ठोका दिला. एवढ्या जोरात दिला की चहा सांडला म्हणून एक मास्तरीण अजून माझ्याशी बोलत नाही.

दोन महिन्यांनी नानाजींचा थोरला मुलगा ओसरीवर आला. त्याच्या मुलाचं लग्न होतं आणि नानाजींनी तिघांचाच बँड आणि मास्तरांच्या नातीचं गाणं ठरवायला पाठवलं होतं. मी वही उघडली, कपाळाला आठ्या घातल्या. म्हटलं, कठीण आहे जी. त्याने नानाजींना फोन लावून माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "नानाजी, वरातीचं करू. जानोसा सोडून देऊ. तिथं कोण ऐकते?"

पलीकडे काठी आपटल्याचा आवाज आला. मग नानाजी म्हणाले, "बरोबर आहे तुहं. लग्नाचा बँडच मुळात भंगार असते."

मी वहीत तारीख लिहिली आणि पुढे मोठ्या अक्षरात लिहिलं, जानोसा.